६० दिवसांचा नियम : अमेरिकेतील कच्च्या दुधाचे चीज, कायदा आणि विश्वास

प्रस्तावना

भारतात बहुतेक घरांत दूध आले की ते आधी तापवले जाते. त्यानंतर त्याचे दही लागते, सायीचे लोणी निघते, पनीर किंवा छेना होतो. त्यामुळे न तापवलेल्या दुधाचा पदार्थ खावा की खाऊ नये, हा प्रश्न आपल्याकडे कायद्यापर्यंत पोहोचण्याआधीच स्वयंपाकघरात सुटलेला असतो. युरोपातील चीजची परंपरा वेगळी आहे. तेथे नुकत्याच काढलेल्या कोमट दुधात विरजण आणि रेनेट घालत. रेनेट म्हणजे वासराच्या जठरातून मिळणारे, दूध साकळवणारे द्रव्य. साकळलेले दूध कापून त्यातील निवळी काढली जाई, उरलेल्या गोळ्याला मीठ लावले जाई आणि तो तळघरात काही आठवडे किंवा काही महिने मुरत ठेवला जाई. दुधातले मूळचे जिवाणूच या चीजला त्या त्या गावाची, कुरणाची आणि ऋतूची चव देतात, असे अशा चीजचे चाहते मानतात.

ही परंपरा स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेली. आज मात्र अमेरिकेत कच्च्या दुधाचे चीज घेऊ पाहणाऱ्या माणसाला एका आकड्याला सामोरे जावे लागते. हा आकडा म्हणजे ६०. न तापवलेल्या दुधापासून केलेले चीज किमान ६० दिवस, १.७ अंश सेल्सिअसपेक्षा कमी नसलेल्या तापमानात मुरवल्याशिवाय विकता येत नाही. फ्रान्समधील नॉर्मंडीचे पारंपरिक कामाँबेर चीज कच्च्या दुधाचेच असावे लागते आणि ते सुमारे ३ आठवड्यांत खाण्याजोगे होते. म्हणून ते अमेरिकेच्या दुकानात कायदेशीरपणे दिसत नाही.

हा आकडा कोठून आला? तो ठरवताना लोकांना नेमकी कशाची भीती होती? पुढे विज्ञान बदलले तेव्हा आकडा का बदलला नाही? आणि या नियमाच्या चौकटीत, तिच्या कडेला व तिच्या बाहेर राहून लोकांनी आपापल्या परिसरात असे चीज कसे मिळवले? प्रस्तुत पाठात या प्रश्नांचा विचार केला आहे. कायद्यातील आकडा हाही इतिहासाचा एक पुरावा असतो आणि तो ताम्रपटाइतक्याच काळजीने वाचावा लागतो, हे या पाठाचे मुख्य सूत्र आहे.

१. दूध संशयास्पद का झाले?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील बहुतेक कुटुंबांना दूध घरच्या किंवा शेजारच्या गायीचे मिळे. न्यूयॉर्कसारखी शहरे वाढली तेव्हा दूध आणि ते पिणारे यांच्यातले अंतर वाढले. शहरातच दारूच्या भट्ट्यांना लागून गोठे उभे राहिले. भट्टीतून उरलेला गरम चोथा गायींना घातला जाई. कोंदट गोठ्यांतल्या आजारी गायींचे पातळ, निळसर दूध बाजारात येई. १८५८ मध्ये फ्रँक लेस्ली यांच्या सचित्र वृत्तपत्राने या गोठ्यांची चित्रे छापली आणि मोठी खळबळ उडाली. बालमृत्यू आणि दूध यांचा संबंध लोकांच्या मनात पक्का झाला.

याच काळात फ्रान्समध्ये लुई पाश्चर द्राक्षमद्य का नासते याचा अभ्यास करत होते. १८६० च्या दशकात त्यांनी दाखवले की मद्य उकळी येईपर्यंत न नेता, बेताचे तापवले तरी ते नासवणारे सूक्ष्मजीव मरतात. हीच पद्धत पुढे दुधाला लागू झाली आणि तिला पाश्चरीकरण हे नाव मिळाले. दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड करणे, हे तिचे आज रूढ असलेले रूप आहे.

दुधातून नेमके कोणते रोग येतात याबद्दल मात्र शास्त्रज्ञांतही एकमत नव्हते. क्षयरोगाचा जिवाणू शोधणारे रॉबर्ट कॉख यांनी १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत असे मत मांडले की गायीच्या क्षयरोगापासून माणसाला फारसा धोका नाही. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाने पुढील दहा वर्षांत तपास करून हे मत चुकीचे ठरवले.

दुसरे उदाहरण अॅलिस इव्हान्स यांचे आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यात त्या चेडर चीजमधील जिवाणूंचा अभ्यास करत होत्या. गायींमध्ये गर्भपात घडवणारा जिवाणू आणि माणसाला दीर्घकाळ ताप आणणारा जिवाणू हे एकमेकांचे निकटचे नातलग आहेत, असा निष्कर्ष त्यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजेच धडधाकट दिसणाऱ्या गायीच्या कच्च्या दुधातूनही रोग येऊ शकतो. पीएचडी नसलेल्या एका स्त्रीचा हा दावा अनेक पुरुष शास्त्रज्ञांनी आणि दूध व्यावसायिकांनी धुडकावला. पुढे इतरांच्या प्रयोगांतून तो खरा ठरला. १९२८ मध्ये त्या अमेरिकन जिवाणुशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या पहिल्या स्त्री अध्यक्षा झाल्या. तोवर त्यांना स्वतःला प्रयोगशाळेत याच ब्रुसेला जिवाणूची बाधा झालेली होती आणि तिचा त्रास त्यांनी वर्षानुवर्षे सोसला.

२. दोन मार्ग : गोठा तपासावा की दूध तापवावे?

दूध सुरक्षित कसे करायचे, यावर १८९० च्या दशकात अमेरिकेत दोन उत्तरे पुढे आली. योगायोगाने दोन्हींचा आरंभ १८९३ सालचा आहे.

पहिले उत्तर न्यू जर्सीतील डॉक्टर हेन्री कॉइट यांचे. त्यांनी डॉक्टरांचे एक मंडळ स्थापन केले. हे मंडळ गोठे, गायी, काम करणारी माणसे आणि भांडी यांची तपासणी करी आणि निकषांत बसणाऱ्या गोठ्याच्या दुधाला प्रमाणपत्र देई. हे दूध कच्चेच विकले जाई. स्वच्छतेवर एवढा खर्च होत असल्याने ते साध्या दुधापेक्षा बरेच महाग पडे.

दुसरे उत्तर न्यूयॉर्कमधील व्यापारी नेथन स्ट्राउस यांचे. त्यांनी गरीब वस्त्यांत पाश्चरीकृत दुधाची केंद्रे काढली आणि ते दूध अल्प दरात दिले. गोठ्यात काय घडले हे प्रत्येक वेळी पाहणे शक्य नाही. तेव्हा जे दूध येईल ते तापवावे, असा या मार्गामागचा विचार होता.

पहिल्या मार्गात विश्वास माणसावर आणि जागेवर होता, दुसऱ्यात प्रक्रियेवर. पहिला मार्ग ज्यांना परवडतो त्यांच्यासाठी होता, दुसरा सर्वांसाठी. शहरांनी दुसरा मार्ग स्वीकारला यात नवल नाही. शिकागोने १९०८ मध्ये पाश्चरीकरणाचा आदेश काढला. १९२४ मध्ये संघीय आरोग्य सेवेने राज्यांसाठी नमुना नियमावली तयार केली. १९४७ मध्ये मिशिगन हे विक्रीच्या सर्व दुधाला पाश्चरीकरण सक्तीचे करणारे पहिले राज्य ठरले. या निर्णयांनी असंख्य मुलांचे जीव वाचले, याबद्दल इतिहासकारांत वाद नाही. पुढील चर्चा वाचताना ही गोष्ट विसरता कामा नये.

३. चीजला मिळालेली सवलत

चीजचा प्रश्न मात्र वेगळा होता. १८५१ मध्ये जेसी विल्यम्स यांनी न्यूयॉर्क राज्यातील रोम या गावाजवळ पहिला चीज कारखाना काढला आणि त्यानंतर चीज घरातून कारखान्यात गेले. अनेक शेतांचे दूध एकाच कढईत येऊ लागले. तरी कारखान्यांतही चेडरसारखे चीज पुष्कळदा कच्च्या दुधाचेच असे, कारण मुरण्यासाठी लागणारे जिवाणू त्या दुधात आयते मिळत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीजची मागणी वाढली. ब्रिटनला पाठवायच्या मदतीत चीज हा महत्त्वाचा जिन्नस होता. याच दशकात अमेरिकेत आणि कॅनडात न मुरलेल्या चीजमुळे विषमज्वराच्या साथी आल्या. तेव्हा सर्व चीजला पाश्चरीकरण सक्तीचे करावे का, हा प्रश्न उभा राहिला. संशोधनात असे दिसले होते की चीज मुरताना त्यातील आम्ल, मीठ आणि कमी होणारा ओलावा यांमुळे रोगजंतू हळूहळू नष्ट होतात. विषमज्वराचे आणि ब्रुसेलाचे जंतू मुख्यतः डोळ्यांसमोर ठेवून ६० दिवसांची मुदत पुरेशी मानली गेली. १९४९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे संक्षेपाने एफडीएने, चीजच्या प्रकारांची जी मानके ठरवली त्यांत एक पर्याय ठेवला : दूध पाश्चरीकृत करा, नाहीतर चीज ६० दिवस मुरवा.

हा नियम तडजोड होता, हे येथे लक्षात घ्यावे. चेडर तसेही काही महिने मुरवले जात असल्याने चेडर करणाऱ्यांना त्याची विशेष अडचण नव्हती. १९४९ मध्ये अमेरिकेत मऊ, लवकर खाण्याजोग्या कच्च्या चीजचे मोठे उत्पादक नव्हते, म्हणून त्यांच्या बाजूने बोलणारेही कोणी नव्हते. आकडा ठरला तो समोर असलेल्या रोगांसाठी आणि समोर असलेल्या चीजसाठी. पुढे दोन्ही बदलले.

४. १९८५ : नवा जंतू, नवी भीती

१९८५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात एक साथ आली. तिचे मूळ एका कारखान्यात तयार होणाऱ्या मेक्सिकन पद्धतीच्या ताज्या चीजमध्ये सापडले. या चीजला केसो फ्रेस्को म्हणतात. दिसायला ते आपल्या पनीरच्या जवळचे असते. रोगाचे कारण होते लिस्टेरिया नावाचा जिवाणू. तो गर्भवती स्त्रिया, नवजात बालके आणि दुर्बल प्रकृतीची माणसे यांना विशेष घातक ठरतो. लॉस एंजेलिस काउंटीत १४२ रुग्ण नोंदले गेले. गर्भातील आणि नवजात बालके धरून ४८ मृत्यू झाले. त्यांत गर्भातील बालके २०, नवजात १० आणि प्रौढ १८ होते. रुग्णांत लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, कारण ते चीज त्यांच्या रोजच्या जेवणातले होते.

हे चीज नावापुरते पाश्चरीकृत दुधाचे होते. प्रत्यक्षात त्यात कच्चे दूध मिसळले गेले असावे, असे तपासात दिसले. म्हणजे दोष केवळ कच्च्या दुधाचा नव्हता, देखरेख ढिसाळ असण्याचाही होता. परंतु या घटनेनंतर निरीक्षकांची नजर सर्वच चीज करणाऱ्यांवर कडक झाली. १९८७ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर एफडीएने पिण्यासाठीच्या कच्च्या दुधाची एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्री बंद केली. ६० दिवस मुरवलेल्या चीजची सवलत तेवढी शिल्लक राहिली.

लिस्टेरियाने १९४९ च्या नियमातली एक उणीव उघडी केली. कडक चीजमध्ये मुरण्याचा काळ जंतूंना मारक ठरतो. कामाँबेरसारख्या मऊ चीजमध्ये मात्र पृष्ठभागावरची बुरशी आम्ल खाऊन टाकते, त्यामुळे आंबटपणा कमी होतो. लिस्टेरिया थंडीतही वाढतो. अशा चीजमध्ये तो शिरला असेल तर दिवस जातील तसा तो मरण्याऐवजी वाढू शकतो. २००८ मध्ये व्हर्माँट विद्यापीठातील कॅथरीन डॉनेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगाने दाखवले. विशेष म्हणजे बाहेरून संसर्ग झाला तर कच्च्या आणि पाश्चरीकृत अशा दोन्ही दुधांच्या मऊ चीजमध्ये तो वाढला. थोडक्यात, ज्या चीजबद्दल सर्वाधिक काळजी हवी, नेमके तेथेच ६० दिवसांची अट निरुपयोगी, कदाचित उलट परिणाम करणारी होती.

५. मठातील लाकडी पिंप

कनेटिकट राज्यातील बेथलेहेम गावी रेजिना लॉडिस नावाचा बेनेडिक्टाइन जोगिणींचा मठ आहे. तेथील सिस्टर नोएला मार्सेलिनो यांनी १९७० च्या दशकात फ्रान्सच्या ऑव्हेर्न्य भागातून आलेल्या एका बाईंकडून सँ नेक्तेर पद्धतीचे चीज करायला शिकून घेतले. ही पद्धत कच्च्या दुधाची आणि लाकडी पिंपाची. १९८५ च्या साथीनंतर आरोग्य निरीक्षकाने लाकडाऐवजी स्टीलचे भांडे वापरायला सांगितले. लाकडाला छिद्रे असतात, ते निर्जंतुक करता येत नाही, हे त्यामागचे कारण होते. सिस्टरांनी स्टील वापरले आणि चीजमध्ये ई. कोलायचे प्रमाण वाढले.

त्यांनी एक साधा प्रयोग केला. एकाच कच्च्या दुधाचे दोन भाग केले, दोन्हींत मुद्दाम ई. कोलाय घातले, आणि एका भागाचे चीज लाकडी पिंपात तर दुसऱ्याचे स्टीलच्या भांड्यात केले. स्टीलमधील चीजमध्ये ई. कोलाय भरपूर आढळले, लाकडी पिंपातील चीजमध्ये ते जवळजवळ नाहीसे झाले. लाकडाच्या छिद्रांत वर्षानुवर्षे राहिलेले, दूध आंबवणारे जिवाणू आम्ल तयार करत होते आणि त्या आम्लात ई. कोलाय टिकत नव्हते. निरीक्षकाने पिंप परत वापरू दिले. सिस्टर नोएला यांनी पुढे फ्रान्समध्ये चीजच्या बुरशांचा अभ्यास केला आणि कनेटिकट विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

या प्रसंगाचा अर्थ ‘जुने ते सोने’ असा काढणे चुकीचे ठरेल. परंपरेत सुरक्षिततेचे काही ज्ञान साठलेले असू शकते, पण ते तपासून दाखवावे लागते, एवढाच त्याचा अर्थ. निरीक्षकाने नियम बाजूला ठेवला तो श्रद्धेपोटी नव्हे, पुराव्यामुळे. मानववंशशास्त्रज्ञ हेदर पॅक्सन यांनी अशा चीज करणाऱ्यांच्या विचाराला ‘पाश्चरोत्तर’ म्हटले आहे. हे लोक पाश्चरला नाकारत नाहीत. स्वच्छता आणि चाचण्या पाळूनही सर्वच सूक्ष्मजीवांना शत्रू मानायचे नाही, अशी त्यांची भूमिका असते.

६. आपल्या परिसरातच चीज मिळवण्याच्या वाटा

कायद्याच्या या चौकटीत कच्च्या दुधाचे चीज हवे असणाऱ्यांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या.

पहिली वाट पूर्ण कायदेशीर होती. कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक कोसिकोव्स्की यांनी १९८३ मध्ये अमेरिकन चीज सोसायटी स्थापन केली. लहान चीज करणाऱ्यांना तिच्यामुळे एकत्र येण्याची जागा मिळाली. शेतावर स्वतःच्या गायींच्या दुधाचे चीज करून ते ६० दिवसांपेक्षा जास्त मुरवायचे आणि आठवडी शेतकरी बाजारात विकायचे, ही पद्धत रुजली. विस्कॉन्सिनमधील प्लेझंट रिज रिझर्व्ह हे चीज त्याचे ठळक उदाहरण आहे. गायी कुरणात चरतात त्याच महिन्यांत ते कच्च्या दुधापासून केले जाते. सोसायटीच्या स्पर्धेत २००१, २००५ आणि २०१० अशा तीन वर्षी ते सर्वोत्कृष्ट ठरले. गिऱ्हाईक येथे ज्याच्याकडून चीज घेते त्याला ओळखते, हवे तर त्याचा गोठा पाहू शकते. डॉक्टर कॉइट यांचा जुना मार्गच येथे नव्या रूपात परत आलेला दिसतो, आणि त्याच्याबरोबर त्याची जुनी मर्यादाही. हे चीज महाग असते.

दुसरी वाट राज्यांच्या कायद्यांतल्या फरकातून निघाली. एफडीएचा अधिकार आंतरराज्य व्यापारावर चालतो. राज्याच्या आत कच्चे दूध विकू द्यायचे की नाही हे राज्य ठरवते. कॅलिफोर्नियात ते परवानाधारक दुकानात मिळते. न्यूयॉर्क राज्यात परवाना असलेला शेतकरी ते फक्त आपल्या शेतावर विकू शकतो. कोलोरॅडोने २००५ मध्ये गायीत भागीदारी घेण्याच्या पद्धतीला मान्यता दिली. या पद्धतीत गिऱ्हाईक दूध विकत घेत नाही, तर गायीचा अंशतः मालक होतो आणि स्वतःच्याच गायीचे दूध नेतो. असे दूध घरी आणून स्वतःपुरते ताजे चीज करणारे अनेक आहेत. एका राज्यात उघडपणे मिळणारी वस्तू शेजारच्या राज्यात निषिद्ध असते. त्यामुळे ‘स्थानिक’ या शब्दाला येथे चवीइतकाच कायद्याचाही अर्थ आहे.

तिसरी वाट कायद्याबाहेरची होती. कॅलिफोर्नियात आणि इतरत्र मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांत कच्च्या दुधाचे केसो फ्रेस्को घरी करून दारोदार किंवा ओळखीच्यांत विकले जाई. हे चीज कधी शेजारणीकडून, कधी नातेवाइकांच्या सामानातून येई. ते स्वस्त असे आणि गावाची आठवण करून देई. त्याची किंमत कधी कधी फार मोठी मोजावी लागली. २००४ मध्ये न्यूयॉर्क शहरात १५ महिन्यांचे एक मूल गायीच्या क्षयरोगाने दगावले. तपासात २००१ ते २००४ या काळातील असे ३५ रुग्ण शहरात आढळले आणि मेक्सिकोतून आणलेले ताजे चीज हा संसर्गाचा संभाव्य स्रोत ठरला. कॉख यांनी १९०१ मध्ये जो धोका नगण्य मानला होता, तो शंभर वर्षांनी एका जागतिक महानगरात पुन्हा दिसला.

एकाच नियमाचा भार निरनिराळ्या लोकांवर निरनिराळा पडतो, हे या तीन वाटा शेजारी ठेवल्यावर स्पष्ट होते. पैसे आणि माहिती असलेल्या गिऱ्हाइकाला कच्च्या दुधाचे चीज तपासणीसह मिळाले. गरीब स्थलांतरिताला ते तपासणीविना मिळाले.

७. याकिमातील आज्या

बंदी किंवा मोकळीक यांखेरीज तिसरा उपाय असू शकतो, हे वॉशिंग्टन राज्यातील याकिमा काउंटीत दिसले. हा फळबागांचा प्रदेश आहे आणि तेथे मेक्सिकन वंशाचे शेतमजूर मोठ्या संख्येने राहतात. १९९७ च्या पहिल्या काही महिन्यांत तेथे अनेक औषधांना दाद न देणाऱ्या साल्मोनेलाचे ५४ रुग्ण निश्चित झाले. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. कारण होते घरगुती, कच्च्या दुधाचे केसो फ्रेस्को.

स्थानिक आरोग्य खाते आणि वॉशिंग्टन राज्य विद्यापीठ यांनी केवळ इशारे छापले नाहीत. घरोघरी हे चीज करणाऱ्या वयस्क स्त्रियांनाच त्यांनी बोलावले. स्पॅनिशमध्ये आजीला ‘आबुएला’ म्हणतात, म्हणून हा उपक्रम त्याच नावाने ओळखला जातो. पाश्चरीकृत दुधापासून केसो फ्रेस्को करण्याची कृती ठरवली गेली आणि समाजातील लोकांना चव व पोत पटेल अशी ती सुधारली गेली. शिकलेल्या आज्यांनी ती इतर बायकांना शिकवायची, अशी योजना होती. पुढील काळात या चीजमुळे होणारा साल्मोनेलाचा आजार तेथे घटला.

येथे पाश्चरीकरणच जिंकले, असे म्हणता येईल. पण ते निरीक्षकाच्या हुकुमाने आले नाही. समाजात ज्यांच्या शब्दाला मान होता त्यांच्या हातून आले. कच्च्या दुधाची चव काही प्रमाणात सोडावी लागली, मात्र चीज घरातच राहिले.

८. ज्ञान पुढे गेले, आकडा मागे राहिला

गेल्या काही दशकांत ६० दिवसांच्या नियमावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. १९९० च्या दशकातील प्रयोगांत ई. कोलायचा एक घातक प्रकार चेडरमध्ये ६० दिवसांनंतरही जिवंत सापडला, तेव्हा नियम अपुरा आहे असे काही तज्ज्ञ म्हणू लागले. दुसरीकडे मऊ चीजच्या बाबतीत नियमाला शास्त्रीय आधार नाही, असे चीज करणारे म्हणत होते. २०१५ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांच्या आरोग्य यंत्रणांनी संयुक्तपणे केलेले मूल्यमापन पूर्ण झाले. कच्च्या दुधाच्या मऊ चीजमध्ये लिस्टेरियाचा धोका पाश्चरीकृत चीजपेक्षा बराच जास्त आहे, हे त्यातून पुढे आले. अशा चीजला ६० दिवसांची अट लावल्याने धोका वाढतो, असेही त्यात दिसले. दोन्ही पक्षांना गैरसोयीचा असा हा निष्कर्ष होता.

एफडीएने एका मोठ्या पाहणीत ६० दिवस मुरवलेल्या कच्च्या दुधाच्या चीजचे १,६०६ नमुने तपासले. साल्मोनेला, लिस्टेरिया आणि विषारी ई. कोलाय या प्रत्येकाचे प्रमाण १ टक्क्यापेक्षा कमी आढळले. मात्र कमी प्रमाण म्हणजे शून्य नव्हे. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका लहान उत्पादकाच्या कच्च्या दुधाच्या मऊ चीजमुळे लिस्टेरियाचे ८ रुग्ण झाले आणि त्यांपैकी २ दगावले. शेतावरचा लहान उत्पादक आपोआप सुरक्षित असतो, हा समज या घटनेने खोटा ठरवला.

प्रशासनाच्या भूमिकाही डळमळत राहिल्या. २०१४ मध्ये लाकडी फळ्यांवर चीज मुरवणे अयोग्य आहे, असा अर्थ निघणारे पत्र एफडीएकडून गेले. चीज करणाऱ्यांनी जोरदार विरोध केल्यावर काही दिवसांतच बंदीचा हेतू नसल्याचा खुलासा झाला. त्याच सुमारास निरुपद्रवी ई. कोलायचे प्रमाण फार कडकपणे मोजल्याने रोकफोरसारखी फ्रेंच चीजही अडवली गेली. २०१६ मध्ये ही चाचणी थांबवण्यात आली. या अनिश्चिततेला कंटाळून विस्कॉन्सिनमधील एका प्रसिद्ध उत्पादकाने ६० दिवसांच्या उंबरठ्यावरचे आपले मऊ चीज एक वर्ष केलेच नाही.

शेजारच्या कॅनडातील क्युबेक प्रांताने २००८ मध्ये वेगळा निर्णय घेतला. गायींचे आरोग्य, दुधाची तपासणी आणि उत्पादनाच्या जागेची स्वच्छता यांवर कडक अटी घालून त्याने ६० दिवसांपेक्षा कमी मुरलेल्या कच्च्या चीजला परवानगी दिली. दिवस मोजण्याऐवजी दूध आणि गोठा तपासायचा, हे १८९३ मधील पहिल्या उत्तराचेच रूप होते. फरक एवढाच की आता मागे आधुनिक प्रयोगशाळा होती.

२०२४ मध्ये अमेरिकेतील दुभत्या गायींना बर्ड फ्लूची लागण झाल्याचे उघड झाले तेव्हा हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांना असे दिसले की कमी आंबट चीजमध्ये हा विषाणू ६० दिवसांनंतरही टिकतो, मात्र पुरेशा आंबट चीजमध्ये तो टिकत नाही. १९४९ मध्ये ज्याची कल्पनाही नव्हती अशा रोगासाठी जुनाच आकडा पुन्हा तपासला गेला. उत्तर तेच आले : दिवसांपेक्षा चीजचा प्रकार महत्त्वाचा.

समारोप

६० दिवसांचा नियम मूर्खपणाचा नव्हता. विषमज्वराच्या साथी ताज्या असताना, हाती असलेल्या ज्ञानावर, कच्च्या दुधाचे चीज पूर्ण बंद न करता काढलेली ती एक शहाणी तडजोड होती. अडचण पुढे झाली. नियम टिकला आणि त्याची कारणे विसरली गेली. लोक त्या आकड्याकडे निसर्गनियमासारखे पाहू लागले. एका बाजूला ‘६० दिवस झाले म्हणजे निर्धोक’ असा भ्रम तयार झाला, दुसऱ्या बाजूला ‘सरकारला चव कळत नाही’ असा राग.

चीजचा हा इतिहास वाचताना दोन टोके टाळावीत. पाश्चरीकरणाला परंपरेचा शत्रू ठरवणारे १८५८ चे गोठे आणि १९८५ मधील मृत बालके विसरतात. कच्च्या दुधाला केवळ अज्ञान समजणारे मठातील लाकडी पिंप आणि क्युबेकचा अनुभव विसरतात. खरा प्रश्न विश्वासाचा आहे. अनोळखी माणसाने केलेला पदार्थ आपण कशाच्या भरवशावर खातो? ओळखीच्या, तपासणीच्या, की आकड्याच्या? ओळख ही सर्वांत जुनी हमी, पण न्यूयॉर्कमधील त्या १५ महिन्यांच्या मुलाला ती वाचवू शकली नाही. तपासणी चांगली, पण तिचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो. आकडा स्वस्त आणि सर्वांना सारखा, पण तो स्वतः विचार करत नाही. तो वेळोवेळी पुन्हा तपासण्याचे काम माणसांनाच करावे लागते.

विचारासाठी प्रश्न

१. १८९३ मध्ये पुढे आलेल्या दोन मार्गांचा सामाजिक आधार कोणता होता? आजच्या शेतकरी बाजारातील चीजशी त्यांचा संबंध कसा लावाल?

२. १९४९ चा नियम ‘तडजोड’ होता, या विधानाची पाठाच्या आधारे चिकित्सा करा.

३. याकिमा येथील उपक्रम आणि क्युबेकचा निर्णय यांची तुलना करा. कोणत्या परिस्थितीत कोणता उपाय अधिक योग्य ठरेल, ते कारणांसह लिहा.

४. आपल्या राज्यातील अन्नविषयक एखाद्या नियमातील आकडा निवडा. तो कोणत्या काळी, कोणत्या भीतीतून आणि कोणाच्या सोयीने ठरला असावा, याचा शोध कसा घ्याल ते सांगा.